पहारेकरी पाठ का फिरवतो? : गेम बनवणाऱ्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की पात्राला चालायला शिकवणं सोपं, बघायला शिकवणं अवघड. त्यावर एवढी पत्रं आली की साउंड, जाहिराती, स्टोअरवर गेम रिजेक्ट होणं वगैरे बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या वेळेवर ढकललेत. अख्खा कॉलम नजरेचा. बरेच प्रश्न युनिटी ह्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचे आहेत, एक गोडोचा आहे (तेही तसलंच सॉफ्टवेअर), पण गणित सगळीकडे तेच, फंक्शनची नावं तेवढी बदलतात.

प्रश्न: ताई, मी सांगलीत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही तिघं मित्र मिळून युनिटीत किल्ल्यावरचा गेम करतोय, रात्री तट चढून आत शिरायचं आणि पहारेकऱ्यांना दिसायचं नाही असा. पहारेकऱ्याने प्लेअरकडे बघावं म्हणून अपडेटमध्ये लूकॲट टाकलं तर तो बरोब्बर पाठ करून उभा राहतो. आणि प्लेअर तटावर चढला की पहारेकरी अख्खाच्या अख्खा मागे कलतो, आरामखुर्चीत बसल्यासारखा. सर म्हणतात कोडमध्ये १८० मिळव. मिळवू का?

उत्तर: नको मिळवूस. सरांचा मान राखून सांगते, आज १८० मिळवलेस की उद्या त्याच पहारेकऱ्याच्या नजरेचा कोन मोजताना, भाला फेकताना, चालताना, सगळीकडे ते १८० लक्षात ठेवावे लागतील आणि तुम्ही तिघं आहात, त्यातला एक जण नक्की विसरणार.

लूकॲट बिचारं बरोबर काम करतंय. त्याला तोंड बिंड काही माहीत नसतं. वस्तूचा जो 'पुढे' नावाचा अक्ष आहे तो ते टार्गेटकडे फिरवतं, बस. युनिटीत हा 'पुढे' म्हणजे झेड, सीनमध्ये निळा बाण दिसतो तो. अनरियल ह्या तिसऱ्या गेम सॉफ्टवेअरमध्ये पुढे म्हणजे एक्स. गोडोत थ्रीडीमध्ये उणे झेड. आणि ब्लेंडर ह्या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पात्र बनवताना रिवाज असा की तोंड उणे वायकडे आणि वरची दिशा झेड. म्हणजे चार दुकानं आणि चौघांची तोंडं चार दिशांना. ब्लेंडरमधून एक्स्पोर्ट करताना अक्षांची सेटिंग चुकली की पात्र युनिटीत पाठमोरं येतं, नाहीतर सरळ आडवं पडून येतं.

तर आधी सीनमध्ये पहारेकरी सिलेक्ट कर, वरचं हँडल ग्लोबलवरून लोकलवर आण (हे सगळे विसरतात आणि मग तासभर चुकीचा बाण बघत बसतात, मीही बसलेय) आणि निळा बाण नाकातून निघतोय की पाठीतून ते बघ. पाठीतून निघत असेल तर एक रिकामा ऑब्जेक्ट कर, स्क्रिप्ट, कोलायडर (टक्कर ओळखणारा अदृश्य आकार) सगळं त्याच्यावर ठेव, मॉडेल त्याच्या पोटात टाक आणि फक्त मॉडेलला वायभोवती, म्हणजे उभ्या अक्षाभोवती, १८० फिरव. आता बाहेरचा ऑब्जेक्ट आणि तोंड एका दिशेला आले. ब्लेंडरची फाईल हाताशी असेल तर तिथेच दुरुस्त करून पुन्हा एक्स्पोर्ट केलेलं सगळ्यात उत्तम.

मागे कलण्याचं कारण सोपं आहे. टार्गेट उंचावर गेलं, तू म्हणालास त्याच्याकडे बघ, त्याने पायापासून डोक्यापर्यंत सगळं शरीर तिकडे रोखलं. तोफ असती तर हेच हवं होतं. माणसाचं धड उभं राहतं, फक्त मान वर जाते. म्हणून दिशा स्वतः काढ: टार्गेटच्या पोझिशनमधून पहारेकऱ्याची पोझिशन वजा कर, आलेल्या व्हेक्टरचा (दिशा दाखवणाऱ्या बाणाचा) वाय शून्य कर आणि तो क्वाटर्नियन डॉट लूकरोटेशनला दे, ते त्या दिशेला तोंड होईल असं वळण काढून देतं. वजाबाकी उलटी केलीस तर पुन्हा पाठ फिरेल, तेव्हा 'जिथे बघायचं ते आधी, आपण नंतर' असं घोकून ठेव. आणि वाय शून्य केल्यावर एक खाच राहते. प्लेअर बरोबर पहारेकऱ्याच्या डोक्यावरच्या सज्जात उभा असेल तर उरलेला व्हेक्टर शून्य होतो आणि कन्सोलमध्ये 'व्ह्यूइंग व्हेक्टर इज झीरो' चा रतीब सुरू होतो. लूकरोटेशनच्या आधी व्हेक्टरची लांबी जवळपास शून्य असेल तर त्या फ्रेमला काहीच करू नकोस, आहे तसा उभा राहू दे त्याला.

प्रश्न: म्हापशाहून लिहितोय. माझा गेम टूडी आहे, गोडोमध्ये, रात्री होडीतून टॉर्च मारत मासे शोधायचे. टॉर्च माऊसच्या मागे हळूहळू वळावी म्हणून लर्प वापरलं. उजवीकडे मस्त चालतं, पण माऊस डावीकडे नेऊन थोडा वरखाली केला की टॉर्च उलट्या बाजूने गर्रकन पूर्ण फेरी मारते. दुसरं म्हणजे माझ्या लॅपटॉपवर जेवढी हळू वळते तेवढी भावाच्या गेमिंग पीसीवर वळत नाही, तिथे वेगळंच फील येतं.

उत्तर: दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

पहिला. दोन बिंदूंवरून कोन काढणारं फंक्शन, म्हणजे एटॅन२ म्हण किंवा व्हेक्टरचं अँगल म्हण, ते उत्तर उणे १८० ते १८० च्या मध्येच देतं (गोडो रेडियनमध्ये देतं, आपण बोलायला अंश घेऊ). उजवी दिशा म्हणजे शून्य. म्हणजे डावीकडे बरोबर शिवण आहे, सदऱ्याला असते तशी, तिथे दोन टोकं जोडलेली. टॉर्च १७९ वर आहे आणि माऊस जरासा हलून उणे १७९ वर गेला. डोळ्यांना अंतर २ अंशांचं. पण लर्पला, म्हणजे दोन आकड्यांमधला आकडा काढणाऱ्या फंक्शनला, हा गोल आहे हे कुठे ठाऊक, ते आकड्यांची सरळ रेघ बघतं आणि १७९ वरून उणे १७९ ला जायला ३५८ अंशांचा रस्ता धरतं. मधोमध काय येतं बघ, शून्य! म्हणजे टॉर्च माशांकडे पाठ करून बरोबर विरुद्ध दिशेला. स्वारगेटहून सारसबागेत जायला हडपसरला वळसा घातल्यासारखं आहे हे. म्हणून कोनांसाठी साधं लर्प कधीच नाही, लर्प_अँगल वापर. युनिटीत मॅथएफचं लर्पअँगल. हाताने करायचं असेल तर फरक काढून तो उणे १८० ते १८० मध्ये बसवायचा आणि तेवढाच मिळवायचा, आतून तेही तेच करतं.

दुसरा आजार फार जणांना असतो आणि फार जणांना कळतही नाही. तू बहुतेक दर फ्रेमला 'आत्ताचा कोन, हवा तो कोन, स्पीड गुणिले डेल्टा' असं लिहिलं असणार (डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ). डेल्टाने गुणलं म्हणजे फ्रेमरेटचा प्रश्न सुटला असं ट्युटोरिअलवाले ठोकून सांगतात, पण इथे नाही सुटत. समज स्पीड ३० ठेवलास. ३० फ्रेमच्या मशीनवर डेल्टा म्हणजे एक तीसांश, गुणाकार १, म्हणजे टॉर्च एका फ्रेममध्ये थेट पोचली. ६० फ्रेमवर गुणाकार अर्धा, म्हणजे दर फ्रेमला उरलेल्या अंतराच्या निम्मं. दोन फ्रेम झाल्या, तेवढाच वेळ गेला, तरी पाव अंतर बाकीच आहे. एकीकडे झटका, दुसरीकडे लोणी. स्पीड ५ असता तर हा फरक जेमतेम जाणवला असता, त्यामुळे तुझा आकडा मोठा असणार असा माझा कयास.

उपाय दोन. असंच सुरुवातीला वेगात आणि शेवटी हळू हवं असेल तर तिसऱ्या जागी '१ वजा ई चा उणे स्पीड गुणिले डेल्टा घात' लिही, मग सगळ्या मशीनवर सारखं. पण मी तुझ्या जागी असते तर ठराविक गतीने वळवलं असतं, सेकंदाला अमुक अंश. गोडोच्या नव्या आवृत्त्यांत रोटेट_टुवर्ड आहे, युनिटीत थ्रीडीला क्वाटर्नियनचं रोटेटटुवर्ड्स आणि टूडीला मूव्हटुवर्ड्सअँगल. सेकंदाला १२० अंश ठेवलेस तर अर्धी फेरी घ्यायला दीड सेकंद, आणि हा आकडा खेळणाऱ्यालाही अंगवळणी पडतो, त्याला कळतं की मागचा मासा पकडायला आपल्याला एवढा वेळ लागणार. गेममध्ये हे असं डोक्यात बसलेलं पाहिजे.

प्रश्न: नमस्कार. मुलगा बारावीला आहे आणि चार दिवस एका बाहुलीची मान वळवत बसलाय. विचारलं तर म्हणतो हा अभ्यासच आहे. खरं काय ते सांगा. (एक आई, नाशिक)

उत्तर: निम्मं खरं आहे. दहावीच्या भूमितीतली त्रिकोणमिती आणि बारावीच्या गणितातलं सदिशांचं प्रकरण, ह्या दोन गोष्टींवर ती मान वळते. त्याला एवढंच विचारा की दोन सदिशांचा अदिश गुणाकार ऋण आला तर त्याचा अर्थ काय. 'वस्तू पाठीमागे आहे' असं पटकन म्हणाला तर जेवायला वाढा. अडखळला तर लॅपटॉप तुमच्या कपाटात, परीक्षेपर्यंत.

प्रश्न: ताई, दुकानदाराचं पात्र आहे, ह्युमनॉइड रिग, काउंटरमागे उभं राहून वजन करायचं ॲनिमेशन चालू असतं. प्लेअर आला की त्याने फक्त मान वळवून बघावं एवढंच हवंय. डोक्याचं हाड स्क्रिप्टमधून फिरवतो, कन्सोलमध्ये व्हॅल्यू बदललेली दिसते पण स्क्रीनवर मान ढिम्म हलत नाही. मित्राने काहीतरी केलं तर मान हलली, पण प्लेअर मागून गेला की मुंडकं पूर्ण उलटं फिरतं, गल्लीतली पोरं घाबरली. शिवाय बघतो तोही चेहऱ्याकडे नाही, खाली कुठेतरी. (कोल्हापूर)

उत्तर: तुमच्या ह्या पत्रात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही मी स्वतः केलेल्या आहेत, त्यामुळे जरा सविस्तर.

मान का हलत नाही? कारण तुमच्यानंतर कुणीतरी येऊन तुमचं लिहिलेलं पुसतंय. युनिटीत एका फ्रेमचा क्रम असा की आधी अपडेट (आपला दर फ्रेमचा कोड) चालतं, मग ॲनिमेटर येतो आणि त्याच्या क्लिपमध्ये ज्या ज्या हाडांच्या हालचाली नोंदलेल्या आहेत त्या सगळ्यांवर आपले कोन लिहितो, मग लेटअपडेट, म्हणजे आपलाच कोड पण ॲनिमेटरनंतर चालणारा. तुम्ही अपडेटमध्ये मान वळवली, कन्सोलला छापलीत, खरोखर वळलीच होती ती, पण चित्र निघायच्या आधी ॲनिमेटरने तिला परत वजनकाट्याकडे वळवली. शाळेत मॉनिटरने फळ्यावर नावं लिहावीत आणि बाईंनी येऊन फळा पुसावा तसं. शेवटी जो लिहितो त्याचं खरं. म्हणून हाड थेट फिरवायचं तर ते काम लेटअपडेटमध्ये, तुमच्या मित्राने बहुधा हेच केलं.

पण ह्युमनॉइड रिग, म्हणजे माणसासारखा हाडांचा सांगाडा, आहे तर त्याहून सोयीचा रस्ता आहे. ॲनिमेटरच्या लेयरची सेटिंग उघडा, तिथे आयके पास म्हणून चौकोन आहे तो टिक करा (आयके म्हणजे कुठे पोचायचं ते सांगितलं की हाडांचे कोन युनिटी स्वतः काढतं). मग जिथे ॲनिमेटर कंपोनंट आहे त्याच ऑब्जेक्टवरच्या स्क्रिप्टमध्ये ऑनॲनिमेटरआयके नावाचं फंक्शन लिहा (मॉडेल रिकाम्या ऑब्जेक्टच्या पोटात टाकलं असेल तर स्क्रिप्ट मॉडेलवर गेली पाहिजे, बाहेरच्यावर नाही, इथे बरेच जण अडकतात आणि फंक्शन चालतच नाही). त्यात सेटलूकॲटपोझिशनला टार्गेट द्यायचं आणि सेटलूकॲटवेटला पाच आकडे: एकूण वजन, धड, डोकं, डोळे आणि क्लॅम्प. दुकानदारासाठी मी एकूण १, धड ०.२, डोकं ०.८, डोळे १ आणि क्लॅम्प ०.५ पासून सुरुवात करेन आणि मग बघत बघत बदलेन. क्लॅम्प शून्य म्हणजे मोकाट सोडलं, १ म्हणजे मान जखडली, ०.५ म्हणजे शक्य फिरण्यापैकी निम्मं. तुमची हडळ झाली ती मोकाट सोडल्यामुळे.

पण नुसत्या क्लॅम्पवर भागत नाही. प्लेअर मागे गेला की मान मर्यादेपर्यंत येऊन ताणून धरली जाते, मान अवघडल्यासारखी, आणि प्लेअर पाठीमागून उजवीकडून डावीकडे सरकला की मानही एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर फाटकन जाते. खऱ्या माणसाची मान एका बाजूला सत्तर-ऐंशी अंश जाते. त्यापुढे बघायचं तर तो एकतर खांदे वळवतो नाहीतर नाद सोडून देतो. दुकानदार आहे, गिऱ्हाईक मागे गेलं तर वजनाकडे लक्ष देईल. म्हणून कोन मोजा, ७० च्या आत आला तर एकूण वजन हळूहळू १ कडे न्या, ८५ च्या बाहेर गेला तर हळूहळू शून्याकडे. दोन आकडे वेगळे मुद्दाम ठेवलेत. एकच ७० ठेवला आणि प्लेअर नेमका त्या रेघेवर उभा राहून इकडेतिकडे झाला तर दुकानदाराची मान बोळकं झालेल्या आजोबांसारखी लटलट करते.

आणि खाली का बघतो? कारण पात्राची पोझिशन म्हणजे त्याचे पाय! मॉडेलचा मूळ बिंदू दोन पावलांच्या मध्ये जमिनीवर असतो, तुम्ही प्लेअरची पोझिशन टार्गेट म्हणून दिलीत, तो इमानदारीत चपलांकडे बघतोय. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पोरी बघायच्या तसा. प्लेअरच्या डोक्याचं हाड घ्या, किंवा डोळ्यांच्या उंचीवर एक रिकामा ऑब्जेक्ट लटकवा आणि तो टार्गेट म्हणून द्या.

अजून एक, न विचारता सांगते. टार्गेट बदलताना एका व्यक्तीवरून दुसऱ्यावर उडी मारू नका. स्वतःचा एक अदृश्य बिंदू ठेवा, दुकानदार कायम त्या बिंदूकडे बघेल आणि तो बिंदू तुम्ही इकडून तिकडे सरकवा. कुणाकडे बघायचं आणि किती वेगात वळायचं हे दोन निर्णय दोन वेगळ्या ठिकाणी राहिले की अर्धे बग जन्मालाच येत नाहीत. आणि त्या बिंदूची सुरुवातीची जागा नीट द्या. माझ्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये गावातली ४० माणसं होती, कुणालाही टार्गेट मिळालं नाही की व्हेरिएबल शून्य, शून्य, शून्यवर राहायचं, आणि त्या जागी होती गावची विहीर. डेमोला क्लायंटसमोर अख्खं गाव, लहान पोरांसकट, एकटक विहिरीत बघत उभं. क्लायंट म्हणाला हॉरर आहे हे आधी सांगायचं होतं.

प्रश्न: फर्स्ट पर्सन कॅमेऱ्यात रोटेशन डॉट एक्सला ३० दिलं तर एरर येतो. मग युलरअँगल्स वापरून क्लॅम्प केलं, उणे ८० ते ८०. आता समोर बघत असताना किंचित वर बघायला गेलं की कॅमेरा एकदम जमिनीकडे आपटतो. क्वाटर्नियन म्हणजे नक्की काय भानगड आहे? (पिंपरी)

उत्तर: रोटेशनमधला एक्स हा अंश नाहीच. क्वाटर्नियन म्हणजे वस्तू कुठे आणि किती वळलीय हे लिहायची एक रीत, त्यात चार आकडे असतात आणि चारही उणे १ ते १ च्या मधले. वायभोवती ९० अंश वळलेलं पात्र म्हणजे ०, ०.७०७१, ०, ०.७०७१. त्यातल्या एकाला धरून ३० लिहिणं म्हणजे भाजीत मिठाच्या जागी मिठाचं पोतं. हे चार आकडे हॅमिल्टन नावाच्या गणितज्ञाला १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनमध्ये कालव्याकाठी बायकोबरोबर चालताना सुचले आणि त्याने सूत्र तिथल्या पुलाच्या दगडावर कोरून ठेवलं. ग्राफिक्सवाल्यांनी फिरणारी ॲनिमेशन गुळगुळीत करायला ते मनावर घेतलं ते १९८५ पासून, केन शूमेकच्या पेपरनंतर, आपलं स्लर्प (दोन वळणांच्या मधलं वळण काढणारं फंक्शन) तिथून आलं. आत काय चाललंय हे कळायची तुला सध्या गरज नाही, आत हात न घालणं एवढी शिस्त पुरे.

कॅमेरा आपटतो कारण युलरअँगल्स, म्हणजे तिन्ही अक्षांभोवतीचे साधे अंश, वाचताना युनिटी ० ते ३६० मधलं उत्तर देतं. युनिटीत वर बघणं म्हणजे एक्सभोवती उणे. एक अंश वर बघितलंस, म्हणजे उणे १, पण वाचताना मिळालं ३५९. क्लॅम्पने बघितलं की ३५९ हे ८० पेक्षा मोठं, कापून ८० केलं, आणि ८० म्हणजे जवळजवळ पायाखाली. तेव्हा कोन कधी वाचायचाच नाही. पिच (वर-खाली) आणि यॉ (डावी-उजवी) अशी आपली दोन व्हेरिएबल ठेव, माऊसने तीच वाढव-कमी कर, पिचला क्लॅम्प कर आणि शेवटी क्वाटर्नियन डॉट युलरने लिही. यॉ शरीराला, पिच कॅमेऱ्याला. आणि माऊसच्या आकड्याला डेल्टाटाइमने गुणलं असशील तर काढून टाक, माऊस मागच्या फ्रेमपासून किती सरकला हेच तो आकडा सांगतो, परत गुणलंस की फ्रेमरेट खाली-वर झाला की सेन्सिटिव्हिटी बदलते. कंट्रोलरच्या स्टिकला मात्र गुणायचं.

प्रश्न: पुन्हा सांगलीहूनच. पहारेकऱ्याला १२० अंशांत दिसावं असं ठरवलंय. डॉट प्रॉडक्ट वापरा असं सगळे म्हणतात पण १२० शी तुलना केली तर कायम दिसतंच.

उत्तर: (तिघांतला दुसरा मित्र दिसतोस.) डॉट प्रॉडक्ट (वरचा अदिश गुणाकार तो हाच) कोन देत नाही, कोनाचा कोसाइन देतं, तेही दोन्ही व्हेक्टर नॉर्मलाइज केले, म्हणजे त्यांची लांबी १ केली, तर. उत्तर १ पेक्षा मोठं येणारच नाही, मग १२० पेक्षा कायम लहानच. १२० अंशांचा पंखा म्हणजे नाकासमोरच्या रेघेपासून दोन्हीकडे ६०, आणि कोसाइन ६० म्हणजे ०.५. डॉट ०.५ पेक्षा जास्त आला तर पंख्यात आहे. निम्मं करायला विसरू नको, नाहीतर पहारेकऱ्याला कानामागचंही दिसेल.

आधी अंतर तपास, मग डॉट, आणि दोन्हीत बसला तरच रेकास्ट (एक अदृश्य किरण सोडून मधे काही आडवं येतं का बघणं), कारण रेकास्ट तिन्हीत महाग. रे डोळ्यांच्या उंचीवरून सोड, पायातून सोडलास तर एक फुटाची पायरीही आड येते. थ्रीडीत रे स्वतःच्या कोलायडरच्या आतून निघाला तर तो कोलायडर धरला जात नाही, पण युनिटीच्या टूडी फिजिक्समध्ये डिफॉल्टला धरला जातो, तिथे पहारेकऱ्याला स्वतःचंच पोट आडवं येतं. लेयर मास्क लाव, म्हणजे रेने कुणाला धरायचं नाही ते सांग.

प्रश्न: पेणहून. घरचा गणपतीचा कारखाना आहे, मी मूर्तिकाम सोडून कॉम्प्युटरवर मॉडेलिंग शिकलो. आमच्याकडे डोळ्यांची आखणी कुणालाही करू देत नाहीत, शेवटी घरातला सगळ्यात जुना हात बसतो. इथे मी आजीचं पात्र केलंय, डोळ्यांची दोन हाडं बरोबर प्लेअरकडे वळतात, कोन तपासले, अचूक आहेत. तरी ती बघतेय असं वाटत नाही. मेलेली वाटते. जवळ गेलं की तिरळी पण होते.

उत्तर: हे पत्र मी दोनदा वाचलं. तुम्हाला उत्तर माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, फक्त भाषा दुसरी आहे.

तिरळेपणा सोपा आहे. दोन्ही बुबुळं स्वतंत्रपणे एकाच बिंदूवर रोखली की बिंदू जवळ आला की ती नाकाकडे वळणारच, आपलीही वळतात. पण टार्गेट जर नाकाच्या टोकाशी किंवा कॅमेऱ्याच्या आत आलं तर फार वळतात. टार्गेट डोळ्यांपासून निदान हातभर तरी लांब धरायचं, त्याहून जवळ आलं तर त्याच दिशेला पुढे ढकलायचं.

मेलेपण वेगळं आहे. तुमची आजी सतत एकाच बिंदूकडे बघतेय, आणि प्लेअर हलला की तिचे डोळे त्याच्यामागे तरंगत सरकतात. स्थिर गोष्टींवरून नजर फिरवताना माणसाचा डोळा सरकत नाही, उडी मारतो, थांबतो, परत उडी मारतो. समोरच्याशी बोलताना एका डोळ्याकडे, मग दुसऱ्या, मग तोंडाकडे, मधेच भलतीकडे. तेव्हा डोळ्यांना स्मूदिंग लावलं असेल तर काढा, ते मानेला ठेवा. प्लेअरच्या चेहऱ्यावर तीन बिंदू घ्या, अर्ध्या ते दोन सेकंदांच्या अनियमित वेळाने त्यातला एक निवडा आणि डोळे एकदोन फ्रेममध्ये तिथे न्या. मोठं वळण असेल तर आधी डोळे, दशांश-दोन दशांश सेकंदाने मान, त्यामागून खांदे, आणि डोळे निघताना पापणी एकदा मिटवा, माणसं नजर लांब फिरवताना बहुतेक वेळा मिटतातच. मान पोचेपर्यंत डोळे परत मध्यावर आले पाहिजेत, नाहीतर आजी कायम तिरक्या नजरेने संशय घेत बसेल.

नजरेवर एवढा जीव लावणं ही काही आजची चैन नाही. १९९८ च्या ग्रिम फँडँगोमध्ये पडद्यावर कर्सरच नव्हता, नायकाचं डोकं ज्या वस्तूकडे वळेल ती वस्तू उचलता किंवा बघता येते हे खेळणाऱ्याने ओळखायचं. २००२ च्या विंड वेकरमध्ये लिंकचे भलेमोठे डोळे जवळच्या महत्त्वाच्या गोष्टीकडे आपोआप वळायचे, कोडं अडलं की लोक त्याच्या डोळ्यांकडे बघायचे. आजच्या फोनवर दोन हाडं वळवायला प्रोसेसरला काहीच लागत नाही.

आणि आता खरी गोष्ट. तुम्ही पाठवलेल्या चित्रात आजीचं बुबुळ अख्खं गोल दिसतंय, वरही पांढरं, खालीही पांढरं. मूर्तीची आखणी करताना वरच्या पापणीची रेघ बुबुळावर थोडी चढवतात ना, तेच इथे राहिलंय. शांत बसलेल्या माणसाची वरची पापणी बुबुळाचा वरचा काठ झाकते, पूर्ण गोल दिसलं की माणूस दचकलेला तरी वाटतो नाहीतर गेलेला. शिवाय नजर खाली गेली की वरची पापणी तिच्याबरोबर उतरते, वर गेली की चढते, तुमच्या रिगमध्ये पापण्या डोळ्यांना जोडलेल्याच दिसत नाहीत. स्क्रिप्ट सध्या बंद करा, पापणी दोन मिलिमीटर खाली ओढा आणि घरातल्या त्या जुन्या हाताला स्क्रीनसमोर बसवून विचारा, आता बघतेय का.